फायटरचं घरटं मोडतंय कोण?

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत मुलासाठी निळा फायटर मासा आणला. वीस लिटरचा टँक आहे, खाली रंगीत खडे, कोपऱ्यात फिल्टर, प्लास्टिकची दोन झाडं आणि दिवाळीतल्या किल्ल्यातला एक बुरूज. मासा खातोपितो, रंगही छान आहे, पण नर अंड्यांसाठी पाण्यावर बांधतो ते फेसाचं घरटं काही बांधत नाही. दुकानदार म्हणतो, घरटं नाही म्हणजे मासा खूश नाही. मुलगा रोज उठल्याउठल्या टँककडे धावतो आणि हिरमुसून परत येतो. मध्ये दोनदा कोपऱ्यात थोडा फेस दिसला होता, पण दोन्ही वेळा सोमवारी गायब. स्वच्छतेत कसूर नाही. दर रविवारी टँक रिकामा करून, खडे धुऊन ताजं पाणी भरतो. अजून काय करायचं?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘दोन्ही वेळा सोमवारी गायब’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. अहो, रविवारी टँक धुतल्यावर सोमवारी घरटं राहील कुठून? त्या बिचाऱ्याने दोनदा घर बांधलं आणि तुम्ही दोनदा ते मोरीत ओतलंत. तेव्हा आणखी काही करण्याआधी जे चाललंय त्यातलं थोडं बंद करा.

मला ही अक्कल लोडशेडिंगने शिकवली. मी मिरजेत एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. 2006च्या सुमाराला घरी पहिला फायटर आणला, तांबडा. हौसेने एअर पंप लावला, एअर स्टोन टाकला. रात्रंदिवस बुडबुडे चालू. चार महिने घरट्याचा पत्ता नाही. मग उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जायला लागली. पंप बंद, आणि माझा जीव वरखाली. मी वाटीने टँकमधलं पाणी वर घेऊन ओतत बसायचे. यजमान म्हणायचे, ‘माशाला नंतर, आधी मला वारा घाल.’ एका रात्री दमून डोळा लागला. सकाळी बघते तर काचेच्या कोपऱ्यात रुपयाएवढा पांढरा पुंजका, आणि त्याच्याखाली आमचे तांबडे साहेब छाती काढून उभे! नंतर प्रयोगशाळेतल्या सरांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, ‘बाई, तो वरची हवा घेतो.’ कल्ल्यांच्या जोडीला फायटरच्या डोक्यात हवेतून श्वास घ्यायला एक वेगळं इंद्रिय असतं. लॅबिरिंथ म्हणतात त्याला. एअर पंपाची गरज त्याला नव्हतीच, मला होती.

तर पहिली गोष्ट, पाण्याचा पृष्ठभाग शांत हवा. टँकजवळ एकदा दहा मिनिटं स्वस्थ बसा आणि घरटं कसं होतं ते बघा. तो वर येतो, हवेचा घोट घेतो, क्षणभर तोंडात घोळवतो. तिथे त्या हवेला लाळेसारखा चिकट पदार्थ लागतो. मग जागेवर जाऊन एकेक बुडबुडा सोडतो. परत वर, परत घोट. असं शेकडो वेळा. तुमचा फिल्टर जर वरून पाण्याची धार सोडत असेल तर हे सगळं वाहून जाणार. तो काढा आणि स्पंज फिल्टर लावा, हवेच्या नळीवरचा छोटा व्हॉल्व्ह पिळून इतका कमी करा की पाण्यावरची धूळसुद्धा हलू नये. फिल्टर अजिबात काढून टाकू नका. घाण खाणारे उपयोगी जिवाणू त्या स्पंजातच राहतात.

दुसरी गोष्ट थंडी. ही तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीत आणि माझा खरा संशय तिच्यावर आहे. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास येतो. वीस लिटर पाणी म्हणजे काही विहीर नव्हे, रात्रीतून गार होतं. फायटर मूळचा थायलंडचा, त्याला 26 ते 28 अंश पाणी लागतं. वीस अंशांच्या पाण्यात तो जगेल, खाईल, कोपऱ्यात पडून राहील, पण घरट्याचं नाव काढणार नाही. आधी साधा थर्मामीटर टाकून सकाळी सहा वाजता आणि दुपारी तीनला आकडे लिहून काढा, आठवडाभर. फरक बघून तुम्हीच हीटर आणाल. वीस लिटरला थर्मोस्टॅटवाला 50 वॉटचा पुरे. पाणी बदलायच्या आधी त्याचा प्लग काढायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. माझे दोन गेलेत असे.

आता रविवारची धुलाई. खडे आणि स्पंज नळाखाली धुतले की ते उपयोगी जिवाणू क्लोरीनने मरतात, म्हणजे तुमचा टँक दर सोमवारी पहिल्यापासून सुरू होतो. यापुढे आठवड्याला फक्त चार-पाच लिटर पाणी बदला. औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी नळी आणा, तिने तळाची घाण ओढून घ्या. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवलेलं असू द्या आणि टँकच्या पाण्याइतकंच कोमट. ते ओततानाही घरट्याच्या उलट्या बाजूला, बशीवरून, हळू. स्पंज धुवायचाच तर त्या काढलेल्या जुन्या पाण्यात पिळायचा.

घरट्याला आधार लागतो. उघड्या पाण्यावर फेस इकडेतिकडे फिरत राहतो, म्हणून नर कोपरा किंवा तरंगतं पान शोधतो. प्लास्टिकची झाडं काढा (त्यांच्या काठांनी पंख फाटतात, बुरूजही बोट फिरवून तपासा) आणि वॉटर स्प्राइटसारखी एखादी खरी वनस्पती तरंगत सोडा. पूर्वी आम्ही थर्माकोलचा कप उभा चिरून पालथा तरंगवायचो. 2018च्या बंदीनंतर ते कप गेले. आता मी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण अर्धं कापून काचेला चिकटवते. त्याच्याखाली घरटं इतकं छान बसतं की काय सांगू.

पण सगळ्यात चांगलं बदामाचं पान. हे आपलं रस्त्याकडेचं, शाळेच्या आवारातलं देशी बदामाचं झाड, ज्याची फळं दगडाने फोडून आपण लहानपणी आतली गरी खायचो, ते. खायच्या बदामाचा याच्याशी संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मागे एका गृहस्थांनी टँकमध्ये दोन मामरा बदाम टाकून आठवडाभर वाट पाहिली होती. थंडीत या झाडाची पानं लालभडक होऊन गळतात, म्हणजे तुमच्याकडे आत्ताच हंगाम आहे. आपोआप गळलेलं, तपकिरी वाळलेलं पान घ्या, फवारणी झालेल्या बागेतलं नको. धुवा, सावलीत कडकडीत वाळवा, वीस लिटरला एक टाका. पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं होईल. घाबरू नका, तो पानातला टॅनिन. दोन-तीन दिवस पान तरंगतं, आणि तेवढ्यात बहुतेक नर त्याच्याखाली बांधकाम काढतात.

खाण्याचंही बघा. नुसत्या दाण्यांवर मासा जगतो. आठवड्यातून तीन-चारदा आर्टेमिया किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) दिलंत तर अंगात जोर येतो. डासांच्या अळ्या उत्तम, पण त्यासाठी गॅलरीत पाण्याचं भांडं उघडं ठेवू नका. पालिकेचे लोक येतील आणि त्यांचं बरोबर असेल.

आणि दुकानदाराचं ते ‘खूश’ प्रकरण. घरटं बांधणं ही वयात आलेल्या नराची ऊर्मी आहे, मादी समोर नसली तरी. दुकानातल्या घाणेरड्या बाटलीत घरटं बांधणारे नर मी पाहिलेत आणि राजवाड्यासारख्या टँकमध्ये वर्षभर एक बुडबुडा न सोडणारेही. मुलाला सांगा, पंख पसरलेले आहेत, बोट दाखवलं की समोर येतो, खायला झडप घालतो, तर मासा बरा आहे. आणि दिसलेला फेस घरट्याचाच का, हे त्यालाच तपासू द्या. घरट्याचे बुडबुडे बारीक, एकमेकांना चिकटलेले, साबुदाण्याच्या खिचडीसारखे दाट असतात आणि काडीने हलकेच ढकलले तरी फुटत नाहीत. नुसता फेस मोठाला असतो, लगेच फुटतो.

प्रश्न : नोकरीनिमित्त बँकॉकला आहे. इथे चतुचाक बाजारात फायटर छोट्या छोट्या बाटल्यांत रांगेने ठेवलेले असतात, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे. आई फोटो बघून म्हणाली, हे पाप आहे. इतक्या कमी पाण्यात हा मासा मुळात जगतो कसा?
— एक वाचक, बँकॉक

उत्तर : तुम्ही त्याच्या माहेरीच बसला आहात की! तिथे त्याला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे चावरा मासा. 2019 साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर केलं. सयामच्या (म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या) राजाने दिलेले हे मासे 1840मध्ये कँटर नावाच्या डॉक्टराकडे पोचले होते. आजचं ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव मात्र रीगन या मत्स्यशास्त्रज्ञाने 1910मध्ये दिलं.

हा भातखाचरांतला, दलदलीतला मासा. उथळ, कोमट, प्राणवायू कमी असलेलं पाणी त्याच्या सवयीचं. वर नाशिकच्या ताईंना लिहिलंय तसं, वरची हवा घेता येते म्हणून बाटलीत तग धरतो. पण खाचर उथळ असलं तरी लांबरुंद असतं. आईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. विक्रीपुरते चार दिवस ठीक, बाटलीत संसार नको.

तो पुठ्ठा कशासाठी ते लक्षात आलं ना? दोन नर दिवसभर एकमेकांना दिसले तर फुगून फुगून दमतात. दिवसातून दोन मिनिटं पुठ्ठा काढला तर उलट तरतरीत होतात. घरटं न बांधणाऱ्या नरालाही मी कधीकधी दोन मिनिटं आरसा दाखवते. घड्याळ लावून, बरं का.

प्रश्न : मावशी, माझ्या नराने मस्त घरटं बांधलं म्हणून मादी आणून सोडली. अर्ध्या तासात तिची शेपटी फाटली, दोन दिवसांनी मेली. घरटं होतं तरी असं का? मला पिल्लं काढायचीच आहेत.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अरे, घर तयार आहे म्हणून नवरी त्याच दिवशी नांदायला पाठवतात का? ओळख नको?

आधी दोघांना वेगळं ठेवून दहा-बारा दिवस जिवंत खाणं दे. मग टँकमध्ये फक्त चार-पाच इंच पाणी घे, तळाला खडे नकोत, कारण खाली पडलेली अंडी नराला दिसली पाहिजेत. झाडं भरपूर, मादीला लपायला. आता कंदिलाची काच मिळव. जुन्या बाजारात अजून मिळते. ती पाण्यात उभी कर, वरचं तोंड पाण्याबाहेर, आणि मादी तिच्यात सोड. एक-दोन दिवस नुसतं बघू दे एकमेकांना. मादीच्या अंगावर उभे फिकट पट्टे आले, पोट गोल झालं, पोटाखाली पांढरा ठिपका दिसला, तर ती तयार. आडवे काळे पट्टे असतील तर ती घाबरलेली आहे; तिला बाहेर काढ, हट्ट करू नकोस.

सोडलीस की पहिले दोन तास मोबाईल बाजूला ठेवून तिथेच बस. थोडी पाठलागी होणारच, एखादा पंख फाटेल. सलग मारत सुटला तर लगेच वेगळे कर. जमलं तर घरट्याखाली नर तिला अंगाचा विळखा घालतो, ती क्षणभर मेल्यासारखी निपचित होते आणि पांढरी अंडी रव्यासारखी खाली झरतात. नर ती तोंडात वेचून वर घरट्यात लावतो. हे काही तास चालतं. संपलं की नर तिला हाकलायला लागतो, तेव्हा मादी ताबडतोब काढायची. पहिलटकर नर बरेचदा अंडी खाऊन टाकतो. त्याला शिव्या देऊ नकोस, पुढच्या वेळी शिकतो.

साधारण दीड दिवसात अंडी फुटून पिल्लं निघतात, शेपट्या खाली करून घरट्याला लोंबतात. पडलेलं पिल्लू बाप तोंडात धरून परत वर लावतो, हे बघायला मी एकदा अख्खा रविवार घालवलाय. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ती आडवी पोहायला लागली की बापाला काढ. पहिले काही दिवस त्यांना डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात. त्यासाठी मादी सोडायच्या आठवडाभर आधीच टँकचं जुनं पाणी बरणीत घेऊन त्यात कोबीचं पान कुजत ठेव. टँकवर झाकण हवंच. पिल्लांचं हवा घेणारं इंद्रिय पुढच्या काही आठवड्यांत तयार होतं, तेव्हा वरची हवा दमट आणि उबदार लागते. पंखा थेट टँकवर नको.

आणि हे सगळं करण्याआधी एक हिशेब कर. एका वेळी शंभर-दोनशे पिल्लंही होतात. दोन-तीन महिन्यांत त्यातले नर एकमेकांना फाडायला लागतात, म्हणजे प्रत्येकाला वेगळी बरणी आणि प्रत्येक बरणीचं पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं. माझ्याकडे एकदा 64 झाल्या होत्या. लोणच्याच्या, मधाच्या, शेजारच्या वहिनींच्या कॉफीच्या. त्यांच्या चार अजून परत द्यायच्या आहेत.