नवीन गाणी जुन्या स्टाईलमध्ये लाईव्ह ऐकण्यात एवढं काय असतंय?

भावा, मजा गाणं ओळखण्यात असतीय बघ. पोस्टमॉडर्न ज्यूकबॉक्स ऐक, स्कॉट ब्रॅडली या पियानोवाल्यानं काढलेला ग्रुप, आजची पॉप गाणी जॅझ, स्विंग, डू-वॉप असल्या जुन्या अमेरिकन स्टाईलमध्ये बसवतात, शब्द तेच पण ठेका न् कॉर्ड बदलले की दोन ओळी कळतच नाही कुठलं गाणं हाय आणि कळलं की लोक खुळ्यागत ओरडतात. त्यात लाईव्हला ट्रम्पेटवाला सोलो लांबवतोय, टॅप डान्सर पायानंच ताल धरतोय, नाद खुळा! आपल्या कोल्हापुरात गणपतीतले ऑर्केस्ट्रावाले गळ्यानं भारी असतात पण ओरिजिनलची हुबेहूब कॉपी मारतात, मला तरी कंटाळा येतोय. सुरुवात याच ग्रुपसोबत हेली राइनहार्ट या गायिकेनं गायलेल्या ‘क्रीप’पासून कर, पण रेडिओहेड या रॉक बँडचं मूळ गाणं आधी ऐक, आणि हेडफोन लाव, मोबाईलच्या स्पीकरवर बेस पार गायब होतोय.