इंग्लंडमधलं पाउंडबरी खरंच जुनं गाव आहे, की राजाच्या हौसेपायी उभारलेला देखावा?

गाव नवंच आहे, पण त्याला देखावा म्हणायला माझं मन धजत नाही. मी काही वर्षं शेजारच्या डॉर्चेस्टरमध्ये राहिलो. मुलीला घेऊन बरेच रविवार तिथे चालत जायचो.

डॉर्चेस्टर हे डॉर्सेटमधलं रोमन काळापासूनचं शहर. त्याच्या पश्चिमेची शेतं डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे युवराजपदासोबत चालत येणाऱ्या इस्टेटीची. १९८०च्या दशकात शहराला वाढायला जागा हवी होती, तेव्हा हीच जमीन ठरली. चार्ल्स तेव्हा युवराज होते. त्यांनी आराखड्याचं काम लक्झेंबर्गचे वास्तुविशारद लिऑन क्रिअर यांना दिलं आणि १९९३ मध्ये बांधकाम सुरू झालं. नाव जवळच्याच पाउंडबरी नावाच्या लोहयुगीन कोटावरून आलं. दक्षिणेला मेडन कासल हा दुसरा कोट दिसतो. तो आपल्या गडांसारखा दगडी नाही, गवताने झाकलेले मातीचे तट एकात एक आहेत.

घरं जुन्या वळणाची, कुठे दगड, कुठे विटा. पण रस्ते मुद्दाम वाकडे ठेवलेत. पुढचं दिसत नाही, पाट्याही फारशा नाहीत, त्यामुळे गाडीवाला आपोआप सावकाश जातो. गाड्या बहुतेक घरांमागच्या अंगणात लावतात. तिथली बारीक खडी मुलीच्या बुटांत अडकायची आणि घरभर सांडायची.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सुमारे ३५ टक्के घरं परवडणारी आहेत, काही कमी भाड्याची, काही अंशतः मालकीची, आणि ती बाकीच्या घरांत मिसळलेली आहेत. माझी एक सहकारी अशाच भाड्याच्या घरात राहायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी शेजारच्यांची बेल वाजवली, कारण दारावरून काही कळतच नव्हतं. गरिबांची घरं एका कडेला ढकलायची नाहीत, हे इथे खरोखर जमलंय. दुकानं, दवाखाने आणि चॉकलेटचा कारखानासुद्धा वस्तीतच आहे.

क्वीन मदर स्क्वेअर मात्र मला आवडत नाही. २०१६ मध्ये तिथे राजमातेचा, म्हणजे चार्ल्स यांच्या आजीचा, पुतळा बसवला. भोवतालच्या इमारती गावाच्या मानाने फार भव्य आहेत.

जाणार असाल तर लंडनच्या वॉटरलूहून डॉर्चेस्टर साउथला उतरा आणि चालतच जा. आधी पमरी स्क्वेअर बघा. पाऊस आलाच तर तिथल्या ब्राउन्सवर्ड हॉलखाली, जाड खांबांच्या आडोशाला उभं राहता येतं.