काळाघोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन इतकी जुनी आहे, तर ती वेळेत दुरुस्त का झाली नाही?

थोडक्यात सांगायचं तर भाडं अत्यल्प, भाडेकरू ढीगभर आणि खर्च कोणी करायचा यावर कायमची रस्सीखेच.

ही मूळची वॉटसन्स हॉटेलची इमारत, 1860च्या दशकातली. आराखडा रोलंड ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतावरही त्यांनी काम केलंय. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतून जहाजानं आणल्या नि इथं जोडल्या. 7 जुलै 1896 ला सिनेमाचे फ्रेंच जनक ल्युमिए बंधू यांच्या चित्रफिती मुंबईत पहिल्यांदा दाखवल्या गेल्या त्या इथंच, तिकीट एक रुपया. भारतातले सुरुवातीचे चित्रपटकार सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर यांना सिनेमाचं वेड लागलं ते त्या खेळांमुळे. (जमशेटजी टाटांना इथं दारातून परत पाठवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट मात्र ऐकीव समजावी.)

हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांची कचेऱ्या आणि बिऱ्हाडं झाली. कोर्ट जवळ, म्हणून वकील बरेच. भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. त्यात डागडुजी कसली होणार? पोटमाळे चढले, पाणी मुरत राहिलं, लोखंड गंजलं. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. 2019 मध्ये इमारत रिकामी केली. आयआयटी मुंबईच्या अहवालानं पाडण्याचा सल्ला दिला, तर संवर्धन वास्तुविशारदांचं म्हणणं की ती वाचवता येईल. मला दुसरी बाजू पटते: सांगाडा सुट्या भागांचा आहे, गंजलेला भाग काढून नवा बसवणं तत्त्वतः शक्य आहे. अडतं ते पैशावर.