"दुसऱ्याचं कधी?"

"मॅडम, एका मुलावरच थांबलो तर आमचं चुकतंय का?" हा प्रश्न हल्ली इतक्यांदा ऐकते की एक केस सांगतेच, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सून 33 वर्षांची, मुलगा 5 चा. घरात रोज दुसऱ्याचा विषय, शेवटी सासूबाईच म्हणाल्या मीपण समुपदेशनाला येते. मी कागद पुढे केला नि तीन पिढ्यांची वंशावळ काढा म्हटलं. भांडण दोघींचं दिसलं तरी ते आधीच्या पिढ्यांपासून चालत आलेलं असतं हा माझा ठाम अनुभव. काकूंनी, म्हणजे ह्या सासूबाईंनी, त्यांच्या सासूची आठ मुलं काढली नि तिघांवर फुली मारली. "दोन गोवरात गेली, एक तापात." मग स्वतःची दोन. दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, हम दो हमारे दो, दुसऱ्यानंतर लगेच ऑपरेशन. "सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत माझ्याशी. दोघांतलं एक गेलं तर काय करशील, म्हणायच्या."

सून बघतच राहिली. "आई, म्हणजे तुम्हालाही ऐकून घ्यावं लागलं?"

मी मुद्दाम गप्प बसले. अशा वेळी गप्प बसता येणं मला बऱ्याच वर्षांनी जमलंय. काकूच हळू म्हणाल्या, "ह्यांना आयसीयूत ठेवलेलं तेव्हा एक रात्र हा थांबायचा, एक रात्र ताई. आपला पिल्लू एकटा काय करेल गं?" तर सून म्हणाली, "मला दुसरं नकोच असं नाहीये आई, पहिल्या वेळची ती दोन वर्षं परत तशी एकटीने काढायची नाहीयेत."

तिथे मला लख्ख दिसलं, आकडा हा मुद्दाच नव्हता, प्रत्येक पिढीची भीती वेगळी होती. आठवाल्या आजीला मुलं जगतील का ही, दोनवाल्या काकूंना नातू एकटा पडेल का ही, आणि सुनेला हाताशी कोण असेल ही. समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा लोकांनी त्यांना किती छळलं, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-5) महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. तुमची सून जगावेगळी नाही हे मी प्रत्येक सासूला सांगते.

म्हणून घरात "किती" विचारू नका, "तुम्हाला काळजी कसली वाटते" ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका. सासवांनो, आग्रह धरायच्या आधी बाळाला रात्री कोण घेणार, तिची नोकरी कशी टिकणार ते बोला. सुनांनो, "नको" एवढंच म्हणून थांबू नका, का नको तेही सांगा. आणि नवऱ्यांनी तर बोलायलाच हवं. ह्या घरातला मुलगा तिसऱ्या सेशनला आला नि म्हणाला, "मी आईलाही हो म्हणायचो, हिलाही हो म्हणायचो." मग पुढचा पाऊण तास मी त्यालाच बोलायला लावलं.

दुसऱ्याचं अजून काही ठरलेलं नाही. मागच्या वेळी आले तेव्हा रात्री कोणी उठायचं यावर मात्र तो आणि काकू बोलत होते.