आगमनकाळ पहिल्यांदाच पाळतेस ना?

तू विचारलंस, नाताळची वाट पाहायचे हे चार आठवडे नेमकं करायचं काय. 30 नोव्हेंबरच्या आसपासचा रविवार आला की आपला आगमनकाळ सुरू. पण बडोद्यातल्या फतेहगंजच्या दुकानांत तारे लटकले, की मन थेट पंचवीस तारखेला जाऊन बसतं. तिथेच फसतो आपण.

मीही फसले होते. लग्न होऊन बडोद्याला आले त्या वर्षी चार मेणबत्त्या आणल्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. आणि पहिल्याच रविवारी हौसेनं चारही पेटवल्या! सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त तीन फुंकून विझवल्या. दर रविवारी एकच वाढवायची गं. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची.

रात्री बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय थोडे थोडे वाच. 84 वर्षांच्या विधवा हन्नापाशी जरा रेंगाळ. मंदिर न सोडता उपास-प्रार्थना करत राहिली, म्हणून बाळ येशूला तिथे आणलं तेव्हा तिनं ओळखलं. मला मात्र जखऱ्या जास्त जवळचा. तुला मुलगा होईल, असं सांगणारा देवदूत समोर उभा, तरी शंका! मग पाटीवर आपल्या त्या बाळाचं, योहानाचं, नाव लिहीपर्यंत मुका. तुझीही प्रार्थना काही दिवस मुकी राहील. राहू दे, जबरदस्तीनं शब्द जुळवू नकोस.

आणि केकचे बेदाणे आत्ताच भिजवू नकोस. गुजरातेत रम कुठली, संत्र्याच्या रसात भिजवायचे. रस महिनाभर टिकत नाही. चौथा रविवार उलटला, की काढ बरणी.