त्वचा आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मुलीची त्वचा फार नाजूक आहे. बाजारातलं क्रीम लावलं की पुरळ उठतं. म्हणून अंगणातल्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी, खोबरेल आणि मधमाश्यांचं मेण घेऊन मी घरीच क्रीम करते. टिकावं म्हणून व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून घालते. उन्हाळ्यात काही झालं नाही, पण आषाढात आठवड्याच्या आत बरणीच्या कडेला काळे ठिपके आले. वरचा थर काढून खालचं वापरलं तर चालेल का? आणि केमिकल न घालता बुरशी कशी टाळायची?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, खालचंही वापरू नका, सगळं टाकून द्या. काळे ठिपके दिसेपर्यंत बुरशीचे तंतू आत पसरलेले असतात, आणि जिथे बुरशीला मानवलं तिथे न दिसणारे जिवाणूही वाढलेले असू शकतात. धडधाकट त्वचा एखादे वेळी हे निभावून नेईल. खाजवून सोललेली, चिरा पडलेली त्वचा नाही नेणार.

तेलात किंवा मेणात बुरशी वाढत नाही, तिला पाणी लागतं. ते तुमच्या क्रीममध्ये गर आणि गुलाबपाण्यातून आलं. गरात साखरेच्या जातीचे पदार्थ असल्यामुळे खाण्याचीही सोय झाली. मेण एकटं तेल आणि पाणी नीट बांधून ठेवत नाही, त्यामुळे काही दिवसांनी बारीक थेंब सुटतात. पण ठिपके कडेलाच का आले? माझा संशय झाकणावर आहे. क्रीम कोमट असताना झाकण लावलं की वाफ झाकणाला आतून धरते आणि तिचे थेंब कडेने खाली उतरतात. क्रीमवर असा निव्वळ पाण्याचा ओघळ बसला की बुरशीची सुरुवात तिथूनच. पूर्ण गार होईपर्यंत वर नुसतं स्वच्छ कोरडं फडकं टाकायचं.

व्हिटॅमिन ईबद्दल इतकी पत्रं येतात की एकदा स्पष्टच लिहिते : ते तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंचं काहीही वाकडं करत नाही. टी ट्री किंवा लवंगेच्या तेलाचे चार थेंबही पुरत नाहीत. पुरतील इतके घातले, तर नाजूक त्वचा जंतूंआधी चरचरेल.

मग करायचं काय? तुम्ही कोकणात राहता, म्हणून पहिला उपाय सोपा आहे. पाणीच घालू नका. कोकमतेलाचा गोळा घरात असेलच, नाहीतर बाजारात मिळेल. टाचांच्या भेगांना आपण ते पूर्वापार लावत आलोय. खोबरेल सहा भाग, कोकमतेल दोन भाग, मेण एक भाग. गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात मेण वितळेपर्यंत तापवा (ते साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं) आणि उकळून खडखडीत वाळवलेल्या काचेच्या लहान डब्यांत ओता. हा मलम पावसाळ्यातही टिकतो, फक्त लोणच्याच्या बरणीचा नियम पाळायचा, ओला हात आत घालायचा नाही. पाण्याचं काम त्वचेवर होऊ द्या : आंघोळीनंतर मुलीचं अंग हलकं टिपा, ते ओलसर असतानाच कोरड्या चमच्याने काढलेला मलम लावा.

क्रीमच हवं असेल, तर खरं प्रिझर्वेटिव्ह लागेल. इथे तुमचा ‘केमिकल नको’ हा हट्ट मला पटत नाही. काही प्रिझर्वेटिव्हची अॅलर्जी येते हे खरं आहे. मिथाइल-आयसोथायाझोलिनोन हे त्यातलं बदनाम नाव, युरोपात ते अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये चालत नाही. मुलीला सोसत नाहीत त्या क्रीमच्या वेष्टनांवर हे नाव आहे का पाहा, सुगंधी द्रव्यंही पाहा. पण म्हणून सगळ्यांनाच एका रांगेत उभं करू नका. फिनॉक्सीइथेनॉल बहुतेकांना सोसतं. त्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे 100 ग्रॅम क्रीमला 1 ग्रॅम. बुरशीपुढे ते एकटं जरा कमी पडतं, म्हणून जोडीला दुसरं काहीतरी असतं. सोडियम बेंझोएट बुरशीवर चांगलं, पण क्रीमचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) 5 च्या खाली असेल तरच. म्हणजे पीएचच्या पट्ट्या हव्यात आणि दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. ‘पाव चमचा’ हे माप इथे चालत नाही. कारखान्यात तर क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडून 28 दिवस पाहतात, मरतात की वाढतात. ते घरी होणं नाही, म्हणून नाजूक त्वचेच्या मुलीसाठी मी मलमच सुचवेन.

बाजारचं कोरफड जेल घातलं तर? त्यातलं प्रिझर्वेटिव्ह त्या जेलपुरतं मोजलेलं असतं, तेलपाण्यात मिसळल्यावर विरळ होतं. आणि ताजी कोरफड कापल्यावर गळतो तो पिवळा चीक स्वतःच त्वचेला झोंबतो. पान उभं ठेवून तो निथळू द्यायचा, गर धुऊन थेट लावायचा आणि उरलेला फेकायचा.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहा. पुरळातून पाणी येत असेल, तर घरचं-बाजारचं सगळं बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मैत्रिणीने शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, करून दिलं आहे. तूप वर्षभर टिकतं, मग हेही टिकेल ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही टिकणार. तूप टिकतं कारण ते कढवताना पाणी उडून जातं. शंभर वेळा धुताना तेच पाणी परत आत अडकतं, म्हणून तर ते पांढरं आणि लोण्यासारखं मऊ होतं. ताटलीत पसरून, ताटली तिरकी करून सुटेल तेवढं पाणी निथळून टाका. लहान काचेच्या डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. आंबूस वास आला की टाका. तांब्याच्या भांड्यात धुतलेलं असेल, तर त्यातच साठवून ठेवू नका, तांब्याने तूप लवकर खवट होतं.