आंबणे, आंबवणे आणि आंबा

प्रश्न असा आहे : ‘पीठ आंबलं’ आणि ‘अंग आंबलं’ यांतलं आंबणं एकच का, आणि या शब्दाचा आंब्याशी काही संबंध आहे का?

आधी आंब्याचं. आंबा आला संस्कृत ‘आम्र’वरून, आंबट, आंबणे, आंबूस, आंबील ही मंडळी ‘अम्ल’ची. कैरी आंबट असते, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. पण मुळात घराणी दोन आहेत आणि उच्चाराने त्यांना सारखं करून टाकलं. ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि श्वास नाकातून जातो. तिथून लगेच ‘र’ किंवा ‘ल’कडे वळताना मध्ये ‘ब’ उमटतो. म्हणून ताम्रचं प्राकृतात तंब आणि मराठीत तांबे झालं, आम्रचं अंब आणि मग आंबा. पालीत तर आंबट या अर्थी ‘अम्बिल’ असाच शब्द आहे. ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ रात्रभर भिजवून सकाळी शिजवतात, ताक-लसूण घालून पितात, त्या आंबिलीचं नाव याच वाटेने आलेलं. आंबेहळद मात्र खरोखर आंब्याची, कारण तिला कैरीचा वास येतो.

‘आंबट’मधला ट हा मागून जोडलेला प्रत्यय. तिखट, खारट, कडवट या शब्दांतही तोच आहे. तो काढला की नुसतं ‘आंब’ उरतं, आणि हा शब्द शेतीत अजून जिवंत आहे. हरभऱ्याच्या पानांवर आम्लाचे बारीक थेंब सुटतात. थंडीत पहाटे पिकावर स्वच्छ फडकं फिरवलं की दवाबरोबर ते टिपले जातात. फडकं पिळून मिळते ती हरभऱ्याची आंब. पोटाच्या तक्रारींवर ती जपून ठेवत. प्रयोगशाळेतलं ‘आम्ल’ आणि शेतातली ‘आंब’ ही सख्खी भावंडं आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता वापर. इथे मराठी स्वयंपाकघर विलक्षण काटेकोर आहे. दूध आंबत नाही, ते विरजतं. मग दही लागतं. ते दही जास्त वेळ बाहेर राहिलं तर आंबतं. लोणचं मुरतं, ‘लोणचं आंबलं’ म्हटलं की बरणी बिघडली असंच घरातले समजतात. दूध नासतं किंवा फाटतं, भाजी विटते, भात-आमटी आंबते. म्हणजे आंबणं हे बिघडणंही आहे आणि हवंहवंसं होणंही. कोणतं, ते पदार्थावरून कळतं : ‘आमटी आंबली’ ही तक्रार, ‘आंबोळीचं पीठ छान आंबलं’ ही खुशी. ‘आंबवणे’ म्हटलं की संदिग्धता संपते, कारण त्यात माणसाचा हेतू आला. आमटी कोणी आंबवत नाही.

शाळेच्या पुस्तकांत यालाच ‘किण्वन’ म्हणतात. ‘किण्व’ शब्द जुना आणि चांगला आहे; कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्य तयार करण्याच्या संदर्भात तो येतो. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल करते, त्या क्रियेला तो शोभतो. पण इडलीच्या पिठाबद्दल बोलताना ‘आंबवणे’ असताना किण्वन कशाला? आंबवणे हा शब्द शास्त्राला कमी पडत नाही, कारण त्या पिठात खरोखर आम्ल तयार होतं.

राहिलं अंग. क्रियापद तेच, अर्थ लक्षणेने पुढे गेलेला. पीठ आंबायला वेळ जावा लागतो, तसं अंगही एका झटक्यात आंबत नाही, तासन्‌तास राबल्यावर आंबतं. ‘स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, हे पूर्वजांना ठाऊक होतं’ असं कोणी सांगितलं तर मानू नका. व्यायाम थांबल्यावर ते आम्ल तासाभरात बहुतेक निघून जातं आणि दुसऱ्या दिवशीचा ठणका स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे असतो. शब्द अनुभवातून आला आहे आणि तेवढं पुरेसं आहे. वापरताना एक भेद मात्र पाळावा : दिवसभर भातलावणी करून आलेल्या बाईचं अंग आंबलेलं असतं, ताप भरण्याआधी अंग आंबत नाही, मोडून येतं.